टाकी

बदरनं बॉल काउंटरवर ठेवला
टॉवेलात गुंडाळून, तापानं फणफणलेल्या पोरासारखा.
'वळत नाही,' म्हणाला, 'सरळ जातो नुसता.'
मी टॉवेल उघडला. गाडीच्या डिकीत होता ना?
गप्प.
ऑगस्टातल्या मनाम्यात डिकी म्हणजे भट्टी.
चौदा पौंडांचा निळा बॉल घामासारखं तेल गाळत होता
अन् अंगठ्याच्या भोकापासून केसाएवढी चीर.
थांबवता येईल, म्हटलं. पुसता येणार नाही.

लोकांना वाटतं बॉल गुळगुळीत हवा.
गुळगुळीत बॉल लेनच्या तेलावरून घसरत जातो,
पिना आल्या तरी त्याला आठवत नाही
कुठं वळायचं होतं.
साठ-सत्तर डाव झाले की असं होतं,
तीच पट्टी लाकडाला घासून घासून आरसा होते,
आत तेल मुरतं,
आणि खेळणारा स्वतःच्या मनगटाला शिव्या देतो.

आधी बादली. पाणी पंचावन्न अंश, वर नाही,
भोकांवर चिकटपट्टी, वीस मिनिटं.
वर तवंग येतो, मटणाच्या रश्शावर येतो तसा,
फक्त बिनवासाचा.
मग फिरत्या बशीवर बॉल, हातात पाचशेचा कागद.
सगळ्या बाजू, दाब एकच.
एका बाजूला जरा जास्त रेंगाळलो
तर शुक्रवारच्या लीगमध्ये तो चुगली करणार.
पाचशे, हजार, दोन हजार. बस.
रोडेल म्हणतो पॉलिश मार, चमकतं, गिऱ्हाईक खूश होतं.
खरं आहे. खूश होतं, आणि आठवड्यात परत येतं.

आई सोलापुरात गल्लोगल्ली ओरडत जायची
टाकीऽऽ लावा, जात्याला पाट्याला टाकीऽऽ
दगडाचे दात गेले की मिरची वाटली जात नाही,
पसरते.
ती दारात उकिडवी बसून
बाजरीच्या दाण्याएवढे खड्डे पाडायची, ओळीनं,
आणि कडेला एक मासा कोरायची. फुकट.
एक कपची उडाली होती कधीतरी,
तेव्हापासून डावा डोळा गळतो.
टाकीच्या घावांनी देवपण येतं म्हणतात.
तिच्या हातनं एकही देव झाला नाही.
चटण्या झाल्या, हजारो.

फोनवर विचारते, काम काय करतोस रं नेमकं?
आठ वर्षं सांगतोय, मशीनवर.
परवा खरं सांगून टाकलं: टाकी लावतो, आई.
बराच वेळ नुसता तिकडच्या पंख्याचा आवाज.
मग, 'तिथं बी दगड गुळगुळीत व्हतेत?'
व्हतेत.
'कितीला?'
बारा दिनार. रुपये करून सांगितले.
म्हणाली, फोनवर खोटं बोलू नगं, पैसे पडतेत.

दुकान बंद झाल्यावर
चिरेच्या टोकाशी सुईएवढं भोक पाडलं,
तिथं आली की चीर अडते, पुढं जात नाही.
मग हात तसाच राहिला खोदणीवर.
भोक डोळा धरलं, आणि बाजूनं
दोन वाकड्या रेघा, शेपूट.
आईचा मासा जास्त चांगला असायचा.
निळी भुकटी नखांत, कपाटावर, चहाच्या कपात.
भुकटी म्हणजे बॉलच की.
दर खेपेला थोडा कमी होतो, तेव्हा वळतो.

बदर आला, उजेडात फिरवून बघितला.
'चमक गेली.'
गेली.
'आणि हे काय? हामूर?'
हो, म्हटलं. हामूर. त्याचे पैसे नाहीत.
त्यानं अंगठा घालून पाहिला, लेनवर गेला,
बॉल उजवीकडं गेला, गेला, मला वाटलं गेलाच,
आणि शेवटच्या हातभर जागेत
कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखा वळला.
दहावी पिन उभी राहिली.
बदर माझ्याकडं बघतो.
मी बॉल परत येण्याची वाट बघतो,
त्याच्यावरची तेलाची रेघ कुठं पडलीय ते बघायला.